मागून येणारा वारा

वारा समोरून लागतो, असं मी अकरा वर्षं धरून चाललो होतो.
समोर तर काच आहे.
मानेवर बसते ती चापट मागची,
हे मला अक्षतांनी सांगितलं:
वळसंगचं लग्न आटपून रात्री परतताना
मागच्या सीटवर उरलेल्या अक्षता उठल्या
आणि उलट्या येऊन माझ्याच कॉलरीत शिरल्या.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. छत मी कापून टाकलं,
इराप्पाच्या शेडमध्ये, त्याच्याच गॅस कटरनं.
गंजून गळतच होतं,
आणि वरातीत नवरा दिसायला नको का?
छत खाली ठेवून इराप्पा म्हणाला,
आता ही गाडी नाही राहिली, परात झाली.

बालमणी शेजारी बसते.
झेंडूच्या माळा तिच्या, स्टिअरिंग माझं, हिशेब दोघांचा.
परतीच्या वाटेला ती बोलते.
साठच्या वेगात तिचे ओठ हलतात
आणि मी हं म्हणतो.

आधी मौलाली पेंटरकडून अ‍ॅक्रिलिक आणलं,
बुडालेल्या टॉवेलच्या दुकानाची पाटी.
अक्षरं खरवडली, गोंदाच्या खुणा राहिल्या;
आरशात बघावं तर मागचा ट्रक ‘होलसेल’मधून येतोय.
सीटांच्या मागे उभी केली,
सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली.
चाळीसला थरथर, पन्नासला हलगी,
कुंभारीच्या पुढे एक खड्डा,
आणि तडा.

मग बालमणीनं माळ्यावरून फण्या काढल्या.
तिच्या वडिलांचे माग भंगारात गेले
तेव्हा एवढ्या तीनच तिनं मागे ठेवल्या होत्या.
कशाला, ते तेव्हा सांगितलं असेल तिनं.
पोलादी दात, केसासारखे, ओळीनं.
वाऱ्याला अडवू नका, म्हणाली, चाळा.

एकावर एक तीन फण्या, चौकट इराप्पाची.
दोन्ही अंगांनी चार चार बोटं बाहेर येत होत्या.
कापू का, विचारलं.
तिनं नुसतं बघितलं.
टोकांना लाल चिंध्या बांधल्या.

पहाटे होटगी रोड मोकळा असतो.
टॉवेलचे सुटे दोरे, बोटबोटभर,
सीटच्या पाठीला, आरशाला, माझ्या चष्म्याच्या काडीला.
बालमणी सीटवर गुडघे टेकून, तोंड मागे,
विणकराची मुलगी, दोरे वाचत होती:
हा पुढे पळतोय. हा गरगरतोय. हा अजून जिवंत आहे.
थांबा. वीतभर वर घ्या.
पुन्हा.
दोन बोटं खाली.
पुन्हा.
तिसऱ्या फेरीला म्हणाली, पडले.

पण पंचावन्नच्या वर फण्या शिटी वाजवायच्या,
एकच सूर, कुत्रीसुद्धा मागे लागायची.
मी ग्रीस लावलं. मेण लावलं.
ती दुपारभर ओट्यावर बसली विड्यांचं सूप बाजूला सारून
आणि दर तिसऱ्या दातातून तपकिरी दोरा ओवत गेली,
वर, खाली, वर.
कापड होणार नव्हतं त्याचं.
शिटी गेली.

मंद्रूपचं लग्न. परत निघालो तेव्हा एक वाजून गेला होता.
साठवर काटा.
मानेला काही नाही. कानात काही नाही,
फक्त इंजिन, आणि टायरखालची खडी.

एमय्या, ती म्हणाली,
दिवाळीनंतर मी कारखान्यात विड्या द्यायला जाणार नाही.
माझ्या बोटांना आता पान कळत नाही.

हं, मी म्हणालो.

ऐकू आलं?

आलं की.

मग हं काय?
गेल्या उन्हाळ्यापासून सांगते आहे मी हे,
याच रस्त्यावर.

मी वेग कमी केला.
तशी गरज नव्हती आता.
तिचा हात गिअरजवळ होता, हळदीनं पिवळा,
तो मी पहिल्यांदाच दिव्याखाली धरल्यासारखा बघितला,
अंधारात.

मागच्या सीटवर अक्षता
होत्या तिथंच.